भिंतीवरची गोधडी

माझे बालपण ज्या धाब्याच्या घरात गेले, त्याच्या भिंती पांढरीच्या मातीच्या आणि चांगल्या दीड हात रुंदीच्या होत्या, जमीन शेणाने सारवलेली असे, आणि माजघरात वलणीवर आईची लुगडी, कोपऱ्यात कणगी, खुंटीवर घोंगडी व उतरंडीशेजारी घडी घालून रचलेल्या गोधड्या अशी सारी दाटी असे. त्यामुळे या घरात आवाज कसा येतो, हा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवण्याचे कारणच नव्हते. वडिलांनी तरुणपणी मिरजेच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकले होते, आणि 1937 साली खाँसाहेब गेल्यावर त्यांच्या तबकड्या एवढाच आधार वडिलांना उरला. वर्षातून एकदोनदा ते इनामदारांच्या वाड्यातून चावीचा फोनो मागून आणीत. तीन-सव्वातीन मिनिटांत तबकडी संपे, आणि सूर संपला की तो खरोखरच संपे. भिंती त्याची उजळणी करीत बसत नसत.

पुढे मी महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटलो आणि नोकरीतील बरीचशी वर्षे दप्तरखान्यात काढली. जमिनीपासून आढ्यापर्यंत रुमालांत बांधलेली जुनी दप्तरे, त्यांच्या फेरिस्ता, आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. साहेबांनी दारातून दिलेली हाक आमच्यापर्यंत येईतो तिच्यातील जरब त्या कागदांत नि कापडांत मुरून जाई, ही सोय आम्हा कारकुनांना फार मानवली होती.

या दोन्ही जागांची किंमत मला कळली ती निवृत्तीनंतर, पुण्यातील सदनिकेत राहावयास आल्यावर. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी, सिमेंटचा गिलावा आणि सज्जाकडे काचेचे सरकते दार. चिरंजीवांनी मोठ्या हौसेने स्पीकरची उत्तम जोडी पाठविली, आणि मी पहिल्या दिवशी लावली ती अर्थातच खाँसाहेबांची भैरवी. परंतु तंबोऱ्याचा जोड एकमेकांत कालवून गेला, तान भिंतीवर आपटून परत येऊन पुढच्या तानेच्या अंगावर पडू लागली, आणि ज्या आवाजासाठी आयुष्यभर कान टवकारले तो एखाद्या विहिरीतून यावा तसा आला. मी स्पीकरला दोष दिला. दोष खोलीचा होता.

खोलीत आवाज घुमण्याचे हे शास्त्र ज्याने प्रथम मापात बसविले तो हार्वर्डमधील सेबिन नावाचा तरुण प्राध्यापक. 1895 साली तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असल्यामुळे काहीच समजेना. तेव्हा हा गृहस्थ रात्री शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवून तिचा घुमारा कानांनी ऐकत घड्याळावर मोजी, आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या जागच्या जागी पोहोचवी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी हे त्याचे शोषणाचे माप. खोलीचे घनफूट घ्यावेत, त्यांस 0.049 ने गुणावे आणि शोषणाच्या मापाने भागावे, म्हणजे आवाज दशलक्षांश होण्यास लागणारे सेकंद निघतात. माझे घनफूट 1920; भिंती, फरशी, सोफा आणि आम्ही दोघे म्हातारे मिळून शोषण पाऊणशेच्या आसपास. उत्तर आले सव्वा सेकंद. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाला यापुढचे ओळखणे अवघड नव्हते.

पहिला प्रयोग मात्र फसला. कोणीतरी सांगितले म्हणून मी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणून एक भिंत झाकली, त्याबद्दल घरात जे काही ऐकून घ्यावे लागले ते सोडून देतो. परंतु त्यामुळे झाले एवढेच की टाळीचा झणझणीतपणा थोडा गेला आणि खालच्या स्वरांची घुमघुम होती तशीच राहिली. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या स्वराची लाट अकरा फूट लांब; तिला तो पातळ पुठ्ठा कोठला आवरणार! तिच्यासाठी जाड, तंतुमय आणि भिंतीपासून थोडे पुढे टांगलेले काहीतरी हवे.

मग मात्र रीतसर कामाला लागलो. लाकूडबाजारातून देवदारी पट्ट्या आणल्या, सुताराकडून चार फूट बाय दोन फुटांच्या सहा चौकटी गुनियात धरून करून घेतल्या, आणि बॉयलरला गुंडाळतात त्या रॉकवुलचे दोन इंच जाडीचे ताव आत बसविले. हे तंतू अंगाला विलक्षण खाजतात, म्हणून नाकाला फडके, हातात मोजे आणि चौकटीला मागून-पुढून मांजरपाट. कापडाची परीक्षा सोपी: फुंकर घातली असता पलीकडच्या तळहाताला ती लागली पाहिजे, दुकानदाराने दाखविलेले सुंदर रेक्झिन या परीक्षेत नापास झाले. भिंत आणि चौकट यांत दोन इंचांची पोकळी राखली. एकंदर खर्च एका पलंगाच्या चांगल्या गादीहून अधिक झाला नाही.

कोणती चौकट कोठे टांगावी, हे आरशाने ठरले. मी नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि पत्नी आपला कुंकवाचा आरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकवीत चालली. ज्या ठिकाणी मला आरशात स्पीकर दिसेल, तेथूनच त्याचा आवाज उसळून माझ्या कानी येणार. ‘‘अहो, हात भरून आला, दिसला का नाही अजून?’’ ‘‘थांब, थांब, दिसला!’’ आणि तेथे पेन्सिलीची फुली.

नव्या हिशेबाने घुमारा पाऊण सेकंदावर यावयास हवा होता, आणि माझ्या कानांची त्याबद्दल तक्रार नाही. तंबोऱ्याच्या तारा सुट्या झाल्या. तान संपल्यावर संपू लागली. शेजाऱ्यांनी मोठ्या आशेने विचारले की, आता वरच्या मजल्यावरील कुकरच्या शिट्या बंद झाल्या असतील. त्यांना सांगावे लागले की ही तजवीज खोलीतल्या आवाजापुरती आहे, बाहेरून येणाऱ्याला अडविण्याची कुवत तिच्यात नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. रॉकवुलचे ताव पाचच मिळाले होते, आणि डावीकडच्या सहाव्या चौकटीत मी आईची गोधडी चार पदरी घडी करून भरली होती. तिच्या जुन्या लुगड्यांची, बारीक धावदोऱ्याची. मार्गशीर्षातल्या एका रात्री थंडी कडाडली, पत्नीने सारी कपाटे धुंडाळली, आणि शेवटी मला कबुलीजबाब द्यावा लागला. तेव्हापासून दरवर्षी दिवाळी सरली की ती चौकट खाली उतरते, मागचे मांजरपाट उसवले जाते आणि गोधडी पलंगावर जाते. महाशिवरात्र झाली की उन्हे दाखवून पुन्हा भिंतीवर. मधल्या काळात खाँसाहेब डावीकडे किंचित घुमतात, आणि मी खुर्ची थोडी उजवीकडे सरकवून बसतो.