धानाच्या गावाहून वाढवणच्या किनाऱ्याला

आमच्या गोरेगावात पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे बोडी येते, नाहीतर मामा तलाव. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी. गोंदिया जिल्ह्याचं धान या तलावांवर पिकतं आणि ढिवरांची चूल त्यांतल्या मासोळीवर पेटते. समुद्र आम्ही शाळेच्या नकाशात पाहिला, तोही निळ्या रंगाचा.

त्या समुद्रापर्यंत मला नेलं भाच्याने. आयटीआयचा फिटर, दोन वर्षं घरी बसलेला. एके दिवशी मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामू, वाढवणला बंदर होतंय. दहा लाख लोकांना काम मिळणार म्हणतात." आकडा त्याच्या मनचा नव्हता. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ ला या बंदराला मंजुरी दिली, तेव्हा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून दहा लाखांच्या रोजगाराची शक्यता सरकारी निवेदनातच सांगितली होती. बहिणीला मात्र धास्ती. म्हणाली, "भाईजान, एवढ्या दूर पोराला पाठवायचं तर आधी तुम्ही बघून या." मी तलाठी म्हणून निवृत्त झालेला माणूस. जागा पाहिल्याशिवाय शेरा मारायची सवय नाही. निघालो दोघं.

गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादर, विरारला गाडी बदलून डहाणूची लोकल. वाणगावला उतरलो, तिथून रिक्षाने चिंचणी आणि पुढे वाढवण. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा हा उत्तरेकडचा भाग, पलीकडे गुजरात.

रिक्षातून उतरताच भाच्याने विचारलं, "बंदर कुठाय?" पुढे ओहोटीने उघडा पडलेला काळा खडक लांबवर पसरलेला, त्यातून वाकून कालवं काढणाऱ्या बाया, मागे बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. भिंतींवर रंगवलेलं, 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'. बंदर अजून कागदावर होतं.

पण कागद मात्र भक्कम आहे, हे कागद वाचण्यात हयात गेलेला माणूस म्हणून सांगतो. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. २०२४-२५ मध्ये तिथे सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले गेले (वीस फुटी पेटी हे माप धरून). आता तिथे पसरायला जागा संपत चालली आहे, आणि सगळ्यांत मोठ्या जहाजांना लागते तेवढी खोली नाही. वाढवणला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच सुमारे वीस मीटर खोल पाणी आहे, निसर्गाने दिलेलं. म्हणून न्हावा-शेवाच्या प्राधिकरणाने ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाने २६ टक्के भागीदारीत वेगळी कंपनी काढली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, १०.१४ किलोमीटरचा लाटरोधक बांध, आणि पूर्ण झाल्यावर वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरची क्षमता.

कंत्राटाची रीत भाच्याला मी आमच्या भाषेत समजावली. वाडा आपला, खोल्या भाड्याने. सरकारी कंपनी भराव, बांध यांसारखी मूळ कामं करून घेणार आणि टर्मिनल खाजगी कंपन्यांना ठरावीक मुदतीने देणार. ते बांधतील, चालवतील, सरकारला हिस्सा देतील. न्हावा-शेवाला हे १९९९ पासून चालू आहे. तिथलं पहिलं खाजगी टर्मिनल पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या पुढाकाराने तीस वर्षांच्या कराराने उभं राहिलं. हीच कंपनी नव्वदच्या दशकात वाढवणलाही बंदर बांधायला निघाली होती. पण डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये त्याच्यासाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं, आणि अध्यक्ष होते आमच्या नागपूरला वकिली केलेले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ ला, नव्या अध्यक्षांच्या काळात, होकार दिला. उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला पायाभरणी केली.

या कागदात एका गोष्टीपाशी मी अडलो. बंदरासाठी १,४४८ हेक्टर जमीन लागणार, पण ती गावाची नाही. समुद्रात भराव घालून ती नवी तयार करायची, त्यासाठी दमणजवळच्या समुद्रतळातून सुमारे वीस कोटी घनमीटर वाळू आणायची. भूसंपादन रस्त्यापुरतं आणि रेल्वेपुरतं. म्हणजे बंदराच्या जागेपोटी गावातला एकही सातबारा फाटत नाही. कागदावर किती स्वच्छ काम!

बोंबील उलटेपालटे करणाऱ्या एका मांगेला म्हातारीला मी हे बोललो. ती म्हणाली, "घर राहील रे दादा. पण घरासमोरचा दर्या राहील का? आमची डोल लागते तिथेच त्यांची भिंत येणार."

"मावशी, त्या जागेचा काही कागद?"

ती हसली. "दर्याला कागद असतो?"

मला आमचे तलाव आठवले. आमच्या भागात वाजिब-उल-अर्ज नावाचं दप्तर असतं. नाव अरबी-फारसी वळणाचं, पण दप्तर प्रत्येक जातीधर्माच्या गावकऱ्याचं. कोणाला कुठल्या तलावाचं पाणी, कुठून वहिवाट, कुठे मासेमारी, या गावच्या रूढी त्यात लिहिलेल्या. जमीन महसूल कायद्यात त्याला आजही जागा आहे. तलाव ढिवराच्या मालकीचा नसतो, तरी त्याचा हक्क कागदावर येऊ शकतो. या बाईच्या चार पिढ्यांच्या डोलीची नोंद अशा कुठल्या दप्तरात व्हायची? नुकसान मोजायला कोणी आलं तर ती बोट दाखवेल लाटेकडे.

भाच्याचं मन दुसरीकडे होतं. या गावांत घरोघरी दागिन्यांचे साचे कोरतात, 'डाय' म्हणतात त्याला. एका पडवीत तो तासभर बसला. पोलादावर केसाएवढी नक्षी कोरणारा पोरगा त्याच्याच वयाचा. त्याला बंदर नको होतं, याला हवं होतं. दोघं भांडले नाहीत, हत्यारांबद्दल बोलत राहिले.

चिंचणीत परतताना मला वाचनालयात वाचलेली एक हकीगत आठवली, ती भाच्याला सांगितली. १९५५ मध्ये याच चिंचणीत जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यावेळी संजाण बंदराचा कारभार एका अरब मुसलमान अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचं नाव येतं मधुमती. 'मुहम्मद'चं ते संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. त्याने किनाऱ्यावरच्या बंदरांवर आपली माणसं नेमली, दोन प्रवाहांवर फुकट होडी ठेवली आणि संजाणला अन्नछत्र घातलं. तिथे काय वाढत, तेही कोरलं आहे. भात, कालवण आणि तूप. देवीच्या एका मठाला गाव दान दिल्याची नोंदही त्याच पत्र्यावर आहे.

"म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या बंदराच्या कागदात फुकट होडी होती?" भाच्याने विचारलं.

होती. आणि तांब्यावर कोरलेली, म्हणून आपल्याला माहीत.

आमच्या धानाला या बंदराचा किती उपयोग, ते नकाशाच सांगतो. गोंदियाहून विशाखापट्टणम जवळ, वाढवण लांब. शिवाय जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली ती थेट सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. त्या चौदा महिन्यांत कितीही खोल बंदर असतं तरी त्यातून आमचं एक पोतं गेलं नसतं. तेव्हा गोरेगावला वाढवणहून येईल ते पोरांच्या पगाराच्या रूपानेच, आलं तर.

परतीच्या गाडीत भाच्याने प्रशिक्षणाचा अर्ज भरला. मी अडवलं नाही. बहिणीला सांगायचं तेही ठरवलं. जागा पाहिली, काम खरं आहे, पण पहिला टप्पा पुरा व्हायला २०३० उजाडेल, तोवर पोराने इथलं काम सोडू नये. म्हातारीने बांधून दिलेल्या सुक्या बोंबलांच्या वासाने अख्खा डबा नाकं मुरडत होता. वर्ध्याच्या पुढे भाचा अचानक म्हणाला, "मामू, आपल्या तलावाचं ते दप्तर तहसीलीत बघायला मिळेल का? मला एक फोटो काढून त्या डायवाल्या पोराला पाठवायचाय."

सोमवारी जाऊ म्हटलं.