खिशातली बॅटरी : अक्काची आणि घरची

आमच्या बेळगावात टॉर्चला टॉर्च म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. टॉर्च म्हणजे बॅटरी आणि बॅटरी म्हणजे सेल. त्यामुळे अक्काचा फोन आला आणि मी मोठ्यानं "कसली बॅटरी पाहिजे तुला?" असं विचारलं, तेव्हा आईला वाटलं, हिची गाडी पुन्हा बंद पडली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. खानापूरच्या बाजूला एका गावात तिचा दवाखाना आहे. पावसाळ्यात तिकडे करंट गेला की कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. दवाखान्यात इन्व्हर्टर आहे, पण रात्री कुणाच्या घरी बोलावलं तर इन्व्हर्टर काही पिशवीत घालून नेता येत नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या पेन-टॉर्च ती वर्षाला तीन-चार तरी संपवते. एखादी हरवते, एखादीचं बटण बसतं, एखादीत सेल पाझरतो. "तू इंजिनियर ना? मग एकदा नीट बघून एकच चांगली घेऊन दे की." मी बी. ई. इलेक्ट्रॉनिक्सचा, पण पोट सॉफ्टवेअरवर. सोल्डरिंग आयर्न हातात धरून दहा वर्षं तरी झाली असतील. तरी बहिणीनं इतक्या वर्षांनी डिग्रीवर विश्वास दाखवला, तेव्हा मी मनावर घेतलं.

तिच्या गरजा तीन. पहिली, घसा आणि तोंड बघणं. दुसरी, डोळ्याच्या बाहुल्या बघणं. तिसरी म्हणजे अंधारात गोठ्याशेजारून जाताना पाय कुठे पडतोय ते दिसणं. या तिन्हींसाठी उजेड वेगवेगळा लागतो, ही गोष्ट मला खरेदी सुरू केल्यावर कळली.

मी चार उमेदवार जमवले. एक, मेडिकलमधली नेहमीची पेन-टॉर्च. तिच्या अंगावर बाहुली मोजायला काळे गोल छापलेले असतात. दोन, ऑनलाइन मिळणारी काळी, झूम होणारी 'पोलीस' बॅटरी. तीन, एका एएए सेलवर चालणारी, बोटाएवढी अॅल्युमिनियमची बॅटरी. चार, माझा मोबाईल.

'पोलीस' बॅटरी पहिल्याच दिवशी बाद झाली. डब्यावर दहा हजार ल्युमेन लिहिलं होतं. आत तीन एएए सेल. चांगल्यातला चांगला पांढरा एलईडीसुद्धा एका वॅटला साधारण दीडशे-दोनशे ल्युमेन देतो. म्हणजे दहा हजारांसाठी किमान पन्नास वॅट हवेत, आणि तीन छोटे सेल मिळून दोन-तीन वॅट देतानाच दमतात. एवढी वीज त्या नळीत खरंच गेली असती तर बॅटरीऐवजी इस्त्री हातात धरल्यासारखं झालं असतं. शिवाय बटण दाबत गेलं की मध्येच ती लकलक करायला लागते. रुग्णाच्या तोंडासमोर बॅटरीनं लकलक करावी, असा प्रसंग मला तरी सुचत नाही.

ल्युमेनबद्दल थोडं सांगतो, कारण जाहिरातीत सगळा जोर त्यावरच असतो. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून सगळीकडे मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो एकाच ठिकाणी एकवटला तर लांब जातो, पसरला तर जवळचं सगळं दिसतं. डब्यावर 'अॅन्सी एफएल-१' असं लिहिलेलं असेल तर आकडे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले असतात. त्यात 'चालण्याचा वेळ' म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, आणि 'पल्ला' म्हणजे जिथे पाव लक्सएवढा, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उजेड उरतो तिथपर्यंतचं अंतर. म्हणून 'पल्ला शंभर मीटर' वाचून शंभर मीटरवरचा साप दिसेल असं समजू नये. चांदण्यात साप किती दिसतो ते खानापूरकरांना विचारा.

दवाखान्यासाठी ल्युमेनपेक्षा महत्त्वाचा निघाला तो रंग. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळट फॉस्फरचा थर. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. (हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं, की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्त एलईडीत निळा भरपूर आणि गडद लाल फार कमी. माणसाच्या शरीरात आत बघायचं असतं ते बहुतेक लालच : घसा, जीभ, हिरड्या, खालची पापणी ओढून दिसणारा भाग. निळसर उजेडात निरोगी घसाही फिकट दिसतो आणि सुजलेलाही.

रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय. कमाल शंभर. जुना तारेचा दिवा शंभरच्या जवळ, साधी एलईडी बॅटरी सत्तरच्या आसपास, चांगली नव्वदच्या वर. पण त्यातही एक मेख आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीतून काढतात, आणि गडद लाल, म्हणजे आर-९, त्या आठांत धरतच नाहीत. म्हणून आर-९ वेगळा दिला असेल तर तो बघावा. माझ्या बोटाएवढ्या बॅटरीत जपानच्या निचिया कंपनीचा २१९ मालिकेतला, जास्त सीआरआयचा एलईडी होता. मी आईचं कपाट उघडून अंधारात दोन्ही बॅटऱ्या मारून बघितल्या. पेन-टॉर्चमध्ये आईची मरून आणि तपकिरी इरकल एकाच रंगाची वाटली. निचियाच्या उजेडात दोन्ही वेगळ्या दिसल्या. प्रयोगशाळा नसेल तर इरकल साडी हे उपकरण वाईट नाही.

यावर अक्काची पुस्ती अशी, की कावीळ बघायची असेल तर कितीही भारी बॅटरी असो, रुग्णाला खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात डोळ्याचा पांढरा भाग बघायचा. पिवळट दिव्यात पिवळेपणा लपतो. म्हणजे काही ठिकाणी बॅटरीनं खिशातच राहावं.

सेलचा हिशेब सोपा आहे. ८०० मिलीअँपिअर-तासांचा रिचार्जेबल एएए सेल, १.२ व्होल्ट. गुणाकार केला की जेमतेम एक वॅट-तास. शंभर ल्युमेनवर बॅटरी पाऊण तासात मान टाकते, वीसवर चारेक तास चालते. एलईडीला लागतात साधारण तीन व्होल्ट, म्हणून आत व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं, आणि बॅटरीची खरी किंमत त्याची असते. ते हलक्या दर्जाचं असेल तर उजेड भराभर चालू-बंद करून कमी केलेला असतो. डोळ्याला जाणवत नाही, पण मोबाईलचा कॅमेरा धरला की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. दुकानात उभ्या उभ्या करता येणारी ही परीक्षा आहे.

अल्कलाइन सेल महिनोन्महिने आत ठेवू नयेत. ते पाझरले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि आतली स्प्रिंग खाऊन टाकतं. आणि एक इशारा. १०४४० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब एएएसारखा असतो, पण ३.७ व्होल्टचा. बॅटरीच्या कागदावर चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो घालू नका.

हे सगळं मी मजेत वहीत लिहीत होतो. तेवढ्यात ऑगस्टमध्ये बाबा मागच्या दारच्या पायरीवरून घसरले. डोक्याला मार बसला. बाबांचं वय ७४, आणि हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी रोजची. ताबडतोब दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन झालं, आत रक्तस्राव नव्हता. पण या गोळीवरच्या माणसाला उशिरानंही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून चोवीस तास लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवलं. दर दोन तासांनी उठवून बोलतं करायचं. उलटी, वाढणारी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बाहुल्यांत फरक, यातलं काहीही दिसलं की परत आणायचं.

रात्री दोनला मी उठवलं तेव्हा करंट नव्हता. मोबाईलचा फ्लॅश समोर धरल्याबरोबर बाबांनी डोळे गच्च मिटले आणि मला जे बोलले ते इथे छापता येणार नाही. मग ती बोटाएवढी बॅटरी घेतली. ती आधी सर्वांत मंद लागते, मग मध्यम, मग जोरात. दिवसा मला तो क्रम कंटाळवाणा वाटला होता. अक्कानं शिकवल्याप्रमाणे बाबांना लांब भिंतीकडे बघायला सांगितलं, कारण जवळ बघितलं तरी बाहुली बारीक होते. उजेड समोरून न मारता कानाच्या बाजूनं आणला. आपल्याकडे बुबुळं गडद तपकिरी. निळसर उजेडात बुबुळ कुठे संपतं आणि बाहुली कुठे सुरू होते ते कळतच नाही. या उजेडात कळलं. आणि कळलं ते असं, की उजवी बाहुली डावीपेक्षा थोडी मोठी होती.

माझे हात गार पडले. अक्काला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे तीही जागीच होती.

तिनं बाहुलीचं विचारलंच नाही. "बाबा, मी कोण बोलते? आज वार कुठला? दोन्ही हातांनी याची बोटं दाबा बघू. जोरात." बाबांनी वार सांगितला, माझी बोटं चेचली आणि तिला विचारलं, "ह्याला झोप येत नाही म्हणून मलाही जागवतोय, तू तरी सांग की." मग अक्का मला म्हणाली, "आता उजेड मार. उजवी लहान होते का?" होत होती. "डावीवर मारल्यावर उजवी होते का?" तीही होत होती. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकसायला हव्यात. एक इनपुट आणि दोन आउटपुट, असं सर्किट देवानं आधीच केलंय. "उजवीची कड वरच्या बाजूला जरा वेडीवाकडी आहे ना?" होती. "मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासूनची आहे ती. मी दरवेळी बघते." मग हळू आवाजात म्हणाली, "डोक्यात रक्त साचून बाहुली मोठी झालेला माणूस असा शिव्या घालत बसत नाही रे. आधी माणूस बघायचा, बाहुली नंतर. चारला परत उठव, आणि काही वेगळं वाटलं तर मला न विचारता गाडी काढ."

चारला उठवलं, सहाला उठवलं. सकाळी बाबांनी चहाबरोबर 'तरुण भारत' मागितला. चोवीस तास सरले. अक्कानं दुसऱ्या दिवशी येऊन स्वतः तपासलं आणि बाबांच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहून ठेवलं : उजवी बाहुली मोठी, कड अनियमित, ऑपरेशननंतरची. कधी दुसऱ्या डॉक्टरकडे न्यावं लागलं तर तिथे धावपळ नको. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्यावं. वीसेक टक्के निरोगी माणसांतही दोन बाहुल्यांत थोडा फरक असतो.

आता तुम्हाला वाटेल, अक्कानं तीच बॅटरी घेतली. नाही. तिनं ती हातात फिरवली आणि परत दिली. "पिळून लावायची? एका हातात जीभ दाबायची पट्टी, मग ही काय दातानं पिळू?" मुद्दा बिनतोड होता. उद्यमबागेत लेथ चालवणाऱ्या माझ्या मित्राला ते पिळायचे आटे फार आवडले होते, पण त्याला कुणाचा घसा बघायचा नसतो. शेवटी दोन एएएची, पेनाएवढी लांब, शेपटीला बटण असलेली, त्याच जातीच्या एलईडीची बॅटरी शोधली. तिचा रिफ्लेक्टर गुळगुळीत नाही, संत्र्याच्या सालीसारखा आहे, त्यामुळे उजेडात कडी-वर्तुळं न दिसता तो सारखा पसरतो. क्लिप घट्ट आहे, म्हणून टेबलावरून गडगडत नाही. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली तरी अंगाला काही होत नाही. किंमत पेन-टॉर्चच्या सहापट. अक्कानं आधी डोळे वटारले, मग वर्षाला किती टॉर्च जातात ते मोजलं आणि गप्प बसली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मॉडेलं भराभर बदलतात, वर लिहिलेल्या गोष्टी बदलत नाहीत.

बोटाएवढी घरात राहिली. बाबांच्या उशाशी असते, मंदावर. पहाटे उठल्यावर तेवढाच उजेड पुरतो, डोळे दिपत नाहीत आणि आईची झोप मोडत नाही. मागच्या पायरीला आता कठडा आहे. आईला मधुमेह आहे, तर ती रोज रात्री त्याच बॅटरीनं तळपाय बघते, कुठे लाली किंवा जखम आहे का. मधल्या बोटांतलं दिसत नाही तेव्हा मला हाक मारते. हल्ली कपाटातली साडी शोधायलाही नेते आणि तिथेच विसरते, म्हणून गेल्या महिन्यात आणखी एक मागवली. दर महिन्याच्या १ तारखेला मी दोन्हींचे सेल काढून चार्जरला लावतो. बाबांच्या गोळ्यांचा महिन्याचा डबाही त्याच दिवशी भरतो.