बिऱ्हाड आणि चाके

क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. २०१९ पासून ही मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. त्यामुळे मॉन्ट्रियलमध्ये टायर घ्यावेत की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र रिम घ्यावेत का, एवढाच प्रश्न उरतो.

तापमान साधारण ७ अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सुटू लागते; हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवायचे-चढवायचे, तर दरवेळी मजुरी अधिक पडते आणि टायरच्या कडांना इजा होण्याची भीती असते. चार पोलादी रिम घेतले की नुसती चाके बदलायची. रस्त्यावरच्या मिठापासून मूळचे अॅलॉय रिमही वाचतात. मात्र गाडी बदलली, तर ते नव्या गाडीला बसतीलच असे नाही.

म्हणजे सारा हिशेब एकाच आकड्यावर येऊन थांबतो : अजून किती हिवाळे? महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेऊन मी पतीच्या नोकरीच्या गावी आले. ‘एवढे वर्ष काढू’ हे वाक्य आम्ही तिसऱ्या वर्षीही म्हणतो आहोत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. उन्हाळाभर तळघरात ठेवायची चार चाके पाठीवर मावत नाहीत.

अखेर आम्ही रिम घेतले. परतण्याचा विचार सोडलेला नाही. पण जिथे राहतो तिथे नीट राहावे, इतके तरी त्या खरेदीने ठरले.