काय जेवलात?



उतारवयातील माणसाचा आहार एका दिवसात कमी होत नाही. आधी रात्रीची भाकर अर्ध्यावर येते. मग भाजी चावत नाही म्हणून बाजूला राहते. मग एकट्यासाठी वरण कशाला शिजवायचे, असा विचार येतो, आणि अखेरीस चहात बुडवलेली पोळी किंवा दोन बिस्किटे यांनाच जेवण हे नाव मिळते. दूर राहणारी मुले फोनवर विचारतात, "जेवलात का?" उत्तर येते, "हो, जेवलो." विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याचेही, शरीराचे मात्र होत नाही.

या विषयाकडे मी बारकाईने पाहू लागले ती दक्षिण कोरियात. शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेतून मी एका सत्रासाठी जॉन्जू या शहरातील जॉनबुक राष्ट्रीय विद्यापीठात राहिले. सप्टेंबरच्या आरंभी सुरू होणारे हे सत्र डिसेंबरात संपते. जॉन्जू हे देशाच्या नैर्ऋत्येकडील भातशेतीच्या मुलखातील शहर. २०१२ मध्ये युनेस्कोने त्याला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली. अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या पातूरशी त्याचे काही साम्य असेल असे मला वाटले नव्हते. ते साम्य निघाले सोयाबीनच्या दाण्यात.

विद्यार्थ्यांचे ताट

विद्यापीठाच्या भोजनगृहात प्रत्येकाला खाचांचे स्टीलचे ताट मिळते. पुढे डावीकडे भात, उजवीकडे सार, आणि मागच्या लहान खाचांतून तीन-चार प्रकारची तोंडीलावणी. या तोंडीलावण्यांना 'बानचान' म्हणतात. तिळाच्या तेलात परतलेला पालक, सोयासॉसमध्ये मुरवलेले टोफूचे काप, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, आणि किमची तर रोजचीच. प्रत्येक पदार्थ दोन-तीन घासांपुरता. पण भाजी, कडधान्य आणि आंबवलेले काही, असे सारे एकाच जेवणात पोटात जाते. भाताला त्यांच्या भाषेत 'बाप' म्हणतात, आणि जेवणालाही तोच शब्द. हे ऐकून पहिल्या आठवड्यात आम्हा मराठी मुलींना हसू आवरत नसे.

मी अंडे खाते. मांस-मासळी खात नाही. त्यामुळे प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी लागे. साराला बहुधा सुक्या मासळीचा आधार असतो आणि किमचीतही मासळीचे खारवण घालतात. सर्वांत निश्चिंत जेवण मला मिळाले ते बौद्ध मठात. तेथील स्वयंपाकात मांस-मासळी नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आणि त्याआधी कांदेनवमी साजरी करणाऱ्या घरातील मुलीला हे ताट अगदी आपले वाटले.

सकाळी न खाता वर्गात जाणारे विद्यार्थी तेथेही पुष्कळ. त्यासाठी कोरियाच्या कृषी मंत्रालयाने २०१७ पासून 'हजार वॉनची न्याहारी' ही योजना सुरू केली. विद्यार्थ्याने हजार वॉन, म्हणजे आपले साठ-पासष्ट रुपये भरायचे. उरलेला खर्च शासन आणि विद्यापीठ उचलते. शेतकऱ्यांचा तांदूळ खपावा हाही त्यामागील हेतू आहे. शेतातील पीक आणि माणसाचे पोट यांची अशी गाठ घालून दिलेली पाहून मला आमच्याकडील शिवार आठवत असे.

विद्यापीठाच्या दाराजवळ एक लहानशी खाणावळ होती. अशा ठिकाणी वाढणाऱ्या बाईंना विद्यार्थी 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. आपल्याकडेही मेसमधील बाईंना मुले मावशीच म्हणतात. "जेवलीस का?" हा कोरियात क्षेमकुशल विचारण्याचाच एक प्रकार आहे. त्याला "हो" म्हटले की माणसे पुढे जातात. या मावशी मात्र लगेच दुसरा प्रश्न विचारीत, "काय जेवलीस?" मी कॉफी आणि पाव असे सांगितले की त्या मान हलवीत आणि साराचा वाफाळता वाडगा समोर ठेवीत.

तेथील सोयाबीन आणि येथील सोयाबीन

तो वाडगा म्हणजे जॉन्जूचा प्रसिद्ध 'कोंगनामुल गुकबाप', मोड आलेल्या सोयाबीनच्या सारात शिजवलेला भात. भिजवलेले दाणे अंधारात ठेवून त्यांवर वरचेवर पाणी घालतात. पाच-सहा दिवसांत बोटभर लांबीचे पांढरे मोड येतात. ते शिजवून सारात घालतात, वर एखादे अंडे. दात नसलेल्या माणसालाही तो वाडगा संपवता येतो. त्या खाणावळीत सकाळी विद्यार्थ्यांपेक्षा वृद्धच अधिक दिसत, त्याचे कारण हेच असावे.

सोयाबीन कोरियन ताटात कितीतरी रूपांनी येते. दूध, टोफू, मोड, सोयासॉस, आणि 'द्वेनजांग' नावाचे आंबवलेले वाटण. उकडलेल्या सोयाबीनच्या विटा करून त्या वाळवतात, मग मिठाच्या पाण्यात मातीच्या रांजणांतून महिनोन्‌महिने मुरवतात. किमची घालण्याच्या सामुदायिक प्रथेला २०१३ मध्ये आणि सोयाबीनच्या या आंबवणीच्या विद्येला २०२४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. उन्हाळ्यात अंगणभर वड्या, सांडगे आणि कुरडया वाळत घालणाऱ्या वऱ्हाडी घरांना त्या रांजणांमागील शहाणपण सहज कळावे.

मी हे सारे पाहत होते तेव्हा इकडे पातूरच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू होती. आमच्या घरी सोयाबीनची चर्चा होते ती भावाची, ओलाव्याची आणि हमीभावाची. मळणी झाली की पोती बाजार समितीत जातात, तेथून तेलाच्या कारखान्यात. तेल निघाल्यावर उरणारी प्रथिनांनी भरलेली ढेप कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत ती २२ ग्रॅमच्या आसपास. ज्या घराच्या शेतात इतके प्रथिन पिकते, त्याच घरातील म्हाताऱ्या माणसाच्या ताटात ते पोचत नाही, ही आपल्या भागाची खरी उणीव आहे.

आजीचे ताट

कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तेथील संध्याकाळचे जेवण लवकर, सहाच्या सुमारास होते. तेव्हा पातूरला अडीच वाजलेले असतात. त्या वेळी मी आजीला फोन करी. आजोबा गेल्यापासून दुपारी ती घरी एकटीच असते. काका-काकू कामावर जातात. "जेवली का आजी?" असे विचारले की ती म्हणे, "जेवली न माय, केव्हाचीच." एके दिवशी मी खाणावळीतील मावशींचा प्रश्न तिला विचारला. उत्तर आले, "काय जेवतो बाप्पा! चहासंगं पोळी खाल्ली." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी मुरमुरे. मी काकांना कळवले. काकांनी तिला अकोल्याला नेले. सहा महिन्यांपूर्वी ४८ किलो असलेले वजन ४५ वर आले होते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तपासण्यांत कोणताही आजार निघाला नाही. आहारच अपुरा होता.

वृद्धापकाळी चव आणि भूक मंदावते, तहानही कमी लागते. त्याच वेळी स्नायू झिजत असतात आणि ते टिकवायला प्रथिने तरुणांपेक्षा थोडी अधिकच लागतात. वृद्धांच्या आहाराचे जाणकार दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. म्हणजे ४५ किलोच्या आजीला ४५ ते ५४ ग्रॅम. चहा-पोळीतून ती मिळणे शक्य नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

डिसेंबरअखेर मी परत आले आणि काकूंनी व मी मिळून आजीचे ताट नव्याने मांडले. एक मोठे जेवण तिला पेलत नव्हते; म्हणून चार लहान वाट्या आणि दिवसातून चार वेळा खाणे, असा बेत केला. पदार्थ सारे वऱ्हाडीच. सकाळी ताकातल्या ज्वारीच्या कण्या. दुपारी मऊ भात, घट्ट वरण, मऊ शिजवलेले कोहळे आणि दही. संध्याकाळी दाण्याचे कूट घातलेली एखादी मऊ भाजी आणि दुधात कुस्करलेली भाकर. झोपण्यापूर्वी कपभर दूध. दिवसभरात पन्नास ग्रॅम डाळ, तीनशे मिलिलिटर दूध-दही, दीडशे ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम शेंगदाणे आणि वीस ग्रॅम सोयाबीन एवढे पोटात गेले की हिशेब साधारण ४८ ग्रॅम प्रथिनांचा होतो. आजी अंडे खात नाही. जे खातात त्यांना एका अंड्यातून आणखी ६ ग्रॅम मिळतात.

सोयाबीन कच्चे कधीही खाऊ नये. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात. ते शिजवल्याने निष्प्रभ होतात. आम्ही घरचे निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात अर्धा तास शिजवतो, साली चोळून काढतो, कडक उन्हात वाळवतो आणि दहा भाग ज्वारीला एक भाग या प्रमाणात दळून आणतो. भाकरीची चव बदलत नाही. उरलेला वाटा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये अगदी मऊ शिजवलेल्या दाण्यांचा. तो वाटून वरणात मिसळतो. मोड आणले तरी ते शिजवूनच द्यावेत. आरंभी थोड्या प्रमाणात द्यावे, पोट जड होत नाही ना ते पाहावे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे ती नीट शोषली जात नाही.

कोरियन ताटातील एक गोष्ट मात्र घेऊ नये, ती म्हणजे मीठ. किमची, सोयासॉस आणि सार यांतून तेथे मीठ फार जाते. ते कमी करण्यासाठी शासनाला २०१२ मध्ये राष्ट्रीय मोहीम हाती घ्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावे. भूक नाही म्हणून पापड-लोणच्याशी भात खाणाऱ्या आपल्या वृद्धांनाही ही मर्यादा लागू आहे. रक्तदाब असेल तर अधिकच. चवीसाठी लिंबू, जिरे, कोथिंबीर आणि तीळ पुष्कळ उपयोगी पडतात.

सोबतीचे जेवण

कोरियात घरातील ज्येष्ठाने चमचा उचलल्याशिवाय इतरांनी जेवण सुरू करायचे नसते. आपल्याकडेही वडीलधाऱ्यांना आधी वाढतात. फरक एवढाच की तेथे सारे जण ताटावर बसलेले असतात आणि ज्येष्ठाची वाट पाहतात. आपण आदराने आधी वाढतो आणि आपापल्या कामाला लागतो. आदर तसाच राहतो, पण म्हातारे माणूस एकटेच जेवते.

एकटे जेवणे तेथेही वाढले आहे. त्यासाठी 'होनबाप' असा शब्दच रूढ झाला आहे. पण गावोगावी, वस्तीवस्तीत 'ग्योंगनोदांग' नावाची वृद्धांची केंद्रे आहेत. देशभरात त्यांची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. तेथे म्हातारी माणसे दुपारी जमतात, पत्ते खेळतात, बहुतेक ठिकाणी एकत्र जेवतात. इतकी मोठी व्यवस्था आपल्याकडे उभी राहायला वेळ लागेल; पण गल्लीत दोन ताटे जवळ आणायला शासनाची गरज नाही. आमच्या आळीत आजीसारख्याच दुपारी एकट्या असणाऱ्या दोघी आहेत. आता त्या तिघी आळीपाळीने एकमेकींच्या ओसरीवर आपापला डबा घेऊन बसतात. मंगळवारी आणि शुक्रवारी आधी रेणुकामातेच्या टेकडीकडे हात जोडणे होते, मग डबे उघडतात. बोलता बोलता दोन घास अधिक जातात. चार महिन्यांत आजीचे वजन ४७ किलो झाले.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांना माझी विनंती आहे की भिंतीवरच्या कालनिर्णयावर महिन्यातून एकदा त्यांचे वजन लिहून ठेवावे. सहा महिने ते वर्षभराच्या काळात कारण नसताना वजन शेकडा ५ ने उतरले, तर ते वयाच्या माथी न मारता डॉक्टरांना दाखवावे. जे स्वतः वृद्ध आहेत, त्यांनी कोणी विचारण्याची वाट पाहू नये. आज दुपारी ताटात किती वाट्या होत्या, ते आपणच मुलांना सांगावे.