हौस वेगाची, पारख गाडीची

रविवारी पहाटे बंगळूरचा विमानतळाकडे जाणारा रस्ता पाहावा. आठवडाभर तुंबून राहणाऱ्या या शहरात त्या वेळी रस्ता मोकळा असतो आणि नंदी टेकडीच्या दिशेने गुरगुरत जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. एखादी गाडी नवीकोरी परदेशी, तर एखादी वीस वर्षांची, पण लेकीसारखी सजवलेली. ऊन वर येईपर्यंत हीच मंडळी इडली-वडा आणि फिल्टर कॉफीवर ताव मारताना दिसतात.

हौस निर्मळ आहे. पण मोकळा रस्ता दिसला की काही तरुणांचा पाय आपोआप दाबला जातो. त्याच रस्त्यावर दूधवाला असतो, शाळेच्या सहलीची बस असते. म्हणूनच जाणती मंडळी सांगतात, वेग अनुभवायचाच असेल तर तो ट्रॅकवर. 'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरून, हेल्मेट घालून, ठरलेल्या वेळेपुरती आपली गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवायची. समोरून वाहन येत नाही, वळणांवर झेंडे घेऊन माणसे उभी असतात.

मग प्रश्न येतो, त्यासाठी जुनी गाडी घ्यायची ती कोणती?

हलकी ती भली

याचे उत्तर बंगळूरच्या इतिहासातच आहे. 1980च्या दशकात इथल्या सिपानी कंपनीने 'डॉल्फिन' नावाची दोन दारांची छोटी गाडी काढली होती. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली, फायबरग्लासच्या अंगाची, जेमतेम 848 सीसीच्या इंजिनाची. मारुती 800 आली आणि बाजारात डॉल्फिनचा टिकाव लागला नाही. मात्र मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या लष्करी धावपट्टीवरच्या शर्यतींत आणि रॅलींत तिने नाव कमावले. कारण एकच, ती हलकी होती. हलकी गाडी लवकर थांबते, वळणावर ऐकते आणि टायर कमी खाते.

परदेशात नवशिके याच कारणाने 1989 पासून मिळणाऱ्या माझ्दा एमएक्स-5 या दोन आसनी गाडीकडे वळतात. ती भारतात अधिकृतपणे विकलीच गेली नाही. आपल्याकडे तिची जागा मारुती एस्टीम, होंडा सिटी व्हीटेक, फियाट पॅलिओ 1.6 यांनी घेतली. अलीकडच्या गाड्यांत स्विफ्ट आणि फोक्सवॅगन पोलो आहेत. दिसायला साध्या, पण कामाला चोख.

जे. सी. रोडची कसोटी

टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जे. सी. रोड म्हणजे सुट्या भागांची पेठ. गाडी घेण्याआधी इथे एक फेरी मारावी आणि तिचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश कितीला आणि किती दिवसांत मिळतात ते विचारावे. स्वस्तात मिळालेली जुनी परदेशी स्पोर्ट्स कार इथेच नापास होते. तिचा एक भाग महिनोन्‌महिने येत नाही आणि आला तर महिन्याचा पगार घेऊन जातो. हाताशी असलेला सगळा पैसा गाडीत घालू नये. निदान तिसरा हिस्सा ब्रेक, टायर आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

गाडी पाहायला जाताना मालकाला सांगावे, आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनच खरे बोलते. सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर बराच वेळ येत राहिला तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. दारे आणि बॉनेटच्या फटी सारख्या नसतील, रंगात फरक असेल, तर अपघाताची चौकशी करावी. सांगाडा वाकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

बंगळूरच्या गाड्यांची आणखी एक गंमत आहे. किलोमीटर कमी, पण क्लच म्हातारा! सिल्क बोर्डच्या चौकात रोज रेंगाळणाऱ्या गाडीचा काटा फारसा पुढे सरकत नाही, क्लच मात्र झिजतच असतो.

पठार उतरल्यावर

मोटारींच्या शर्यतींचा मोठा ट्रॅक बंगळूरमध्ये नाही. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे 1990 मध्ये सुरू झालेला सुमारे 3.7 किलोमीटरचा ट्रॅक गाठावा लागतो. चेन्नईचा रस्ता होसूर, कृष्णगिरी, वेल्लोरवरून जातो. अंतर सुमारे 300 किलोमीटर.

खरी परीक्षा या उतारावर सुरू होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच आहे. हवा थंड आणि विरळ. खाली उतरताच हवा दाट होते, साध्या इंजिनाला अधिक प्राणवायू मिळतो, ताकद वाढते आणि उष्णताही वाढते. त्यात चेन्नईचे ऊन. बंगळूरच्या गारव्यात कधीही न तापलेली गाडी इथे चौथ्या फेरीत काटा लाल रेषेवर नेते. म्हणून रेडिएटर, पंखा आणि रबरी नळ्या निघण्यापूर्वी तपासाव्यात. ब्रेक ऑइल तर बदलावेच. जुने ऑइल हवेतला ओलावा शोषते, लवकर उकळते आणि ऐन वळणाआधी पेडल लोण्यासारखे खाली जाते.

घरच्यांनी विचारायचे प्रश्न

कागदपत्रेही महत्त्वाची. मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसते. ट्रॅकवरची मोडतोड स्वतःच्याच खिशातून भरावी लागते, असे धरून चालावे. पुण्या-कोल्हापूरहून एमएच क्रमांकाची गाडी आणली तर 12 महिन्यांनंतर तिची कर्नाटकात नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. 15 वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवता येते का, हे आधीच पाहावे. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल केलेली गाडी रस्त्यावर बेकायदा ठरते.

आणि घाई तर मुळीच नको. आधी हेन्नूर-बागलूर रस्त्यावरच्या मेको कार्टोपियात भाड्याची कार्ट चालवून पाहावी. कोल्हापूरकरांना मोहित्यांचा ट्रॅक जवळ आहे. तिथे काही फेऱ्या मारल्यावरच कळते की वेग पायात नसतो, नजरेत असतो.

ट्रॅकवरची चांगली गाडी कोणती? जिचा फोटो पाहून मित्र हळहळतात ती नव्हे. दिवसभर पळून, संध्याकाळी त्याच चार चाकांवर कृष्णगिरीचा चढ चढून जी आपल्याला घरी जेवायला आणते, ती.