सोळा नंबरवर कान

होडीवरच्या व्हीएचएफ संचाला आवाजाच्या बटणाशेजारी आणखी एक बटण असते, स्क्वेल्चचे. ते पूर्ण सोडले की सतत खरखर येते. मग ते हळूहळू फिरवायचे आणि खरखर थांबते तिथेच हात थांबवायचा. नवखा माणूस आणखी फिरवतो. संच अगदी शांत होतो, बरे वाटते. पण लांबच्या होडीचा क्षीण आवाजही त्या खरखरीबरोबर बाहेर राहतो. संच बिघडलेला नसतो. हाक येत असते, दार आपणच लावलेले असते.

जुलैचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा दर्यावर्दींसाठी राखते. गोव्यात तेव्हा मासेमारीबंदी असते, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे तांडेल आणि खलाशी घरच्यांसोबत मिस्सेला असतात. त्यांच्यासाठी नुसती प्रार्थना म्हणण्यापेक्षा त्यांचे काम समजून घ्यावे, म्हणून आम्ही स्वयंसेवक त्यांच्याकडून हा संच चालवायला शिकलो.

चॅनेल १६ हे हाक मारण्याचे आणि संकटाचे. तिथे होडीचे नाव सांगायचे आणि बाकी बोलायला दुसऱ्या चॅनेलवर जायचे. गप्पांना तिथे जागा नाही. बंदरात १ वॉट पुरतो, लांबच्यासाठी २५. माइकची कळ दाबली की बोलायचे, सोडली की ऐकायचे. दाबलेली असेतो समोरच्याचे काहीच ऐकू येत नाही. ती अडकून राहिली तर आसपासच्या सगळ्या होड्यांचे बोलणे अडते, आणि कळ अडकलेल्या होडीला ते कळतही नाही!

बाळ शमुवेलाला रात्री हाक आली तेव्हा तो तीनदा एलीकडे धावत गेला. एलीने त्याला लांबलचक प्रार्थना पढवली नाही. जाऊन पड, पुन्हा हाक आली तर मी ऐकतो आहे एवढेच म्हण, असे सांगितले. कळ सोडायला शिकवले म्हणा ना.

जुन्या जहाजांच्या वायरलेस खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तांबडे पट्टे असत, दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांवर. तेवढी तीन मिनिटे ५०० किलोहर्ट्झवर सर्वांनी गप्प राहायचे आणि कोणी संकटात हाक मारते का, ते ऐकायचे. कामाचा निरोप कितीही घाईचा असो, थांबायचा. १९९९ मध्ये नवी यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि ते पट्टे निरुपयोगी झाले. आम्हांला मात्र ते घड्याळ आंजेलूसच्या घंटेचे सख्खे भावंड वाटते.

आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेत विनवण्यांची यादी असते: आजारी, परीक्षेची मुले, पाऊस. यादी संपली की आमेन. या महिन्यापासून यादीनंतर तीन मिनिटे कोणी काही वाचत नाही. पहिल्या गुरुवारी पंखा आणि बाहेरचा पाऊस एवढेच ऐकू येत होते. दोघेतिघे घड्याळाकडे पाहत होते. दुसरे मिनिट संपता संपता मागच्या बाकावरून एक मावशी बोलली. वर्षानुवर्षे येते, कधी बोललेली नव्हती. मुलाचे नाव घेतले, तो गेला त्या होडीचे नाव घेतले, आणि थांबली.