आत्महत्या म्हटलं की सरकार सुटतं का?

तुरुंगात कुणी मेलं की सगळे एकच विचारतात, मारलं की त्यानेच जीव दिला? मारलं असेल तर मोर्चा निघतो. जीव दिला म्हटलं की लोक हळहळून घरी जातात. आमचं म्हणणं असं की खरा कायद्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आत गेलेल्या माणसाच्या अंगावरच्या वस्तू झडतीत काढून घेतात. त्याने कुठे झोपायचं, घरच्यांना कधी भेटायचं, डॉक्टर कधी दिसणार, सगळं सरकार ठरवतं. एवढं हातात असलेल्या सरकारने शेवटच्या रात्रीपुरतं "तो त्याचा निर्णय" म्हणायचं?

पण हिशोब तसाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारागृहातल्या अनैसर्गिक मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण मंजूर केलं. मारहाण, काम करताना अपघात, वैद्यकीय अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा असेल तर ५ लाख. आत्महत्या असेल तर १ लाख. धोरण आलं हे बरंच झालं. पण एखाद्याचं मानसिक आजाराचं औषध आत आल्यावर बंद पडलं आणि त्याने जीव दिला, तर तो कोणत्या रकान्यात? ते ठरणार तुरुंगाच्याच कागदांवरून.

अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. मुलाला शेवटचं कुणी पाहिलं, किती वाजता, आईला काहीच माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, लक्ष ठेवायला माणसं होती ना तिथं?" वकिलालाही कोर्टात हेच विचारायचं असतं.

ओडिशाच्या नीलाबती बेहेरांनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पोलिसांनी पकडून नेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मृत सापडला होता. पोलीस म्हणाले, पळून गेला. न्यायालयाने पत्रालाच कलम ३२ ची याचिका मानलं आणि १९९३ मध्ये दीड लाखाची भरपाई दिली. ताब्यातल्या जिवाला सरकार जबाबदार, तिथे सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, असं ठरलं. बाबासाहेब या कलमाला संविधानाचा आत्मा का म्हणाले, ते या पत्रावरून कळतं. पुढे २०१७ मध्ये न्यायालयाने २०१२ ते २०१५ मधल्या तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंच्या भरपाईसाठी उच्च न्यायालयांना स्वतःहून याचिका घ्यायला सांगितलं. आत्महत्या त्यातून वगळल्या नव्हत्या.

वसतिगृहांचंही तेच. रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी ही नावं तुम्हाला सांगायला नकोत. जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जातीवरून किंवा इतर छळाच्या तक्रारीवर संस्थेने वेळेत पावलं उचलली नाहीत आणि त्यातून विद्यार्थ्याचा जीव गेला, तर तो संस्थेचा दोष. उशीर फार झाला, तरी हा निकाल हातात ठेवा.

मित्रांनो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे देतं. मारलं की जीव दिला, असा भेद त्यात नाही. म्हणून घोषणा देण्याआधी अर्ज द्या. प्रवेशावेळची वैद्यकीय तपासणी, औषधांची नोंद, त्या रात्रीच्या ड्युटीचा हजेरीपट मागा. पोलीस ठाणं असेल तर सीसीटीव्ही जपून ठेवायला लेखी सांगा. किमान एक वर्षाचं रेकॉर्डिंग ठेवायचा आदेश २०२० पासून आहे. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.